एरेशन टँकमधला गाळ मोजायचा कसा?

सोसायटीच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, एरेशन टँकमध्ये हवा सोडून सांडपाणी साफ करणारे जिवाणू वाढवतात; गाळ मुख्यतः त्यांचाच. ऑपरेटर या टाकीचं लिटरभर पाणी मोजपात्रात भरतो, अर्ध्या तासाने खाली किती बसलं ते बघतो, लॉगबुकात '३२० मिलि' लिहितो आणि मोकळा होतो. चाचणी चांगलीच आहे, पण ती गाळाने अडवलेली जागा सांगते, वजन नाही. थोडाच पण फुगलेला गाळ आणि भरपूर पण घट्ट बसलेला गाळ सारखीच जागा अडवू शकतात. वजन हवं तर गाळा, वाळवा, तोला.

आधी कागद तयार करा. काचतंतूंचा फिल्टर पेपर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन १०३ ते १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तासभर वाळवा, डेसिकेटरमध्ये (हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, मग वजन घ्या. कागद चिमट्यानेच उचलायचा. बोटांचा ओलावा आणि तेलकटपणाही काट्यावर दिसतो. काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. तो नसेल तर नमुना सरळ प्रयोगशाळेत द्या, हिशेब मात्र स्वतः पडताळा.

नमुना टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालू असताना, फेसाच्या खालून घ्या. बाटली हलवून लगेच २० मिलि मोजा, कारण गाळ क्षणात तळाला जायला लागतो. व्हॅक्यूम लावून गाळा. मोजपात्राला चिकटलेला गाळही डिस्टिल्ड वॉटरने कागदावर घ्या आणि वरून थोडं पाणी घालून विरघळलेले क्षार धुऊन काढा. पुन्हा वाळवा, गार करा, तोला. गरम कागद तोललात तर आकडा फसवा येतो. वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं-तोलणं चालू ठेवा.

समजा, कोरा कागद ०.१२८४ ग्रॅम, गाळासकट ०.१९१४. फरक ०.०६३० ग्रॅम, म्हणजे ६३ मिलिग्रॅम. त्याला १००० ने गुणा, नमुन्याच्या २० मिलिने भागा: ३१५० मिलिग्रॅम प्रति लिटर. हाच एमएलएसएस, म्हणजे टाकीच्या एका लिटर पाण्यातल्या तरंगत्या गाळाचं कोरडं वजन.

आता लॉगबुकातला ३२० कामाला येतो. ३२० गुणिले १०००, भागिले ३१५०, उत्तर साधारण १०२. हा एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ किती मिलि जागा घेतो ते. ८० ते १५० मध्ये असला की गाळ नीट बसतोय. पण एमएलएसएस १५०० निघाला असता तर त्याच ३२० वर एसव्हीआय २१३ झाला असता. म्हणजे गाळ फुगलाय, बहुधा तंतुमय जिवाणू माजलेत. अशा वेळी नुसता ३२० पाहून 'गाळ जास्त झाला' म्हणत तो उपसून टाकला, तर आधीच कमी असलेले जिवाणूही जातात.

आउटलेटच्या, म्हणजे शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याला रीत हीच, फक्त गाळ विरळ असल्याने नमुना एक लिटर घ्या. कागदावर १२ मिलिग्रॅम वाढले तर टीएसएस, म्हणजे पाण्यातले एकूण तरंगते कण, १२ मिलिग्रॅम प्रति लिटर. वीसच मिलि घेतलं असतं तर पाव मिलिग्रॅमसुद्धा भरलं नसतं, आणि तेवढ्या फरकावर विसंबण्यात अर्थ नाही.