कॉलमच्या रिंगा : 12 मीटरच्या सळईतून 13 नव्हे, 15

सांगली-मिरजेकडे दुमजली घराचा 9×12 इंची कॉलम नेहमीचाच. त्याच्या उभ्या सळ्यांना बाहेरून बांधून धरणाऱ्या 8 मिमी रिंगेला फिटर (सळई कापणारा-वाकवणारा कारागीर) अंदाजाने 34 इंचाचा तुकडा पाडतो. मग 12 मीटरच्या सळईतून 13 रिंगा निघतात आणि अडीच फुटाचा तुकडा भंगारात जातो.

तुकडा 80 सेंटीमीटरचा घेऊन बघा. बरोबर 15 निघतात.

1. कॉलम 230×300 मिमी. चारी बाजूंनी 40 मिमी कव्हर (रिंगेबाहेरचा काँक्रीटचा थर) सोडलं की रिंग बाहेरून 150×220 मिमी.
2. एकच तुकडा कापून नमुन्याची रिंग वाकवा. हूक (रिंगेची आत वळवलेली दोन टोकं) 135 अंशांत, आत वळलेलं टोक 75 मिमीच्या वर हवं. टेप लावून बघाच.
3. टोक तोकडं पडलं तर तुकडा लांब घ्या, मग 15 चा हट्ट नको. जमली, तर त्या मापाचा खिळा पाटावर ठोका आणि बाकीचे तुकडे त्यालाच टेकवून कापा. प्रत्येक वेळी टेपने मोजलं की पाच-दहा मिलिमीटरचा घोळ होतोच.

12 कॉलम, 3 मीटर उंची, 15 सेंटीमीटरवर एक रिंग धरली तर साधारण 252 रिंगा. त्याला 20 ऐवजी 17 सळ्या पुरतात, म्हणजे मजल्यामागे 14 किलो वाचलं. फार मोठी रक्कम नाही, पण फुकटची आहे. कॉलमच्या दोन्ही टोकांना डिझायनरने रिंगा जवळ मागितल्या असतील तर आकडा वाढेल. तिथे काटकसर नको.

एक सांभाळा: टेम्पोत दुमडून आलेली सळई सरळ करून आधी मोजा. ती आखूड भरली तर शेवटचा तुकडा रिंगेला वापरू नका, हूक तोकडा पडतो आणि रिंग उघडते. तो स्लॅबच्या खुर्चीला (वरची सळई उचलून धरणाऱ्या आधाराला) घाला.