ग्रीन टी पिताय? मग या चुका टाळा

सुटलेलं पोट आत जाईल या आशेने ग्रीन टीचा डबा आणला असेल, तर अपेक्षा आधी खाली आणा. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012च्या आढाव्यात ग्रीन टीमुळे घटलेलं वजन अगदीच किरकोळ निघालं. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे मात्र अभ्यासांत दिसतं. माझ्या मते खरा फायदा म्हणजे दिवसातले साखरेचे दोन चहा सुटतात. कपात दोन चमचे मध ओतलात, की तोही गेला.

महागात पडणारी चूक वेगळीच आहे. जेवलं की लगेच कप हातात! चहातले टॅनिन आणि कॅटेचिन हे घटक पालेभाजी, डाळ, नाचणी यांतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. मटण-मासळीतल्या लोहाला हा अडथळा कमी, म्हणून शाकाहारी घरांत फटका जास्त. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. जेवताना ताटातलं लिंबू वरणावर पिळा, लोह शोषायला मदत होते.

रिकाम्यापोटी घेऊन मळमळतंय? नाश्त्यानंतर घ्या. झोप उडतेय? संध्याकाळनंतर बंद, यातही कॅफिन असतंच. गरोदरपणात दिवसभराचं सगळं कॅफिन मिळून 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

चहा कडू होतो, कारण आपण तो नेहमीच्या चहासारखा खळखळ उकळतो. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, ते 80 अंशांच्या आसपास निवू द्या, मग पत्ती टाका आणि दोन-तीन मिनिटांत गाळा.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन, रक्तदाबाची नॅडोलॉल किंवा कर्करोगावरचं बोर्टेझोमिब चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि अर्काच्या कॅप्सूल म्हणजे कपातला चहा नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू शकतात. कॅप्सूल घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती तिथेच थांबवा आणि बाटली घेऊनच दवाखान्यात जा.