मोठी फर्म सोडून स्वतःची कॉर्पोरेट वकिली कशी सुरू करावी

मुंबईतील एका मोठ्या लॉ फर्ममध्ये नऊ वर्षे काम केल्यानंतर मी फोर्टमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. त्यानंतर फर्ममधून बाहेर पडू पाहणाऱ्या बऱ्याच सहकाऱ्यांची राजीनाम्यापासून पहिल्या बिलापर्यंतची कागदपत्रे मी तयार करून दिली आहेत. त्यांना इतरांकडून मिळालेला सल्ला बहुधा जागा कुठे घ्यावी, लेटरहेडवर काय छापावे आणि संकेतस्थळ कोणाकडून करून घ्यावे यांभोवतीच फिरत असतो. खरी अडचण तिथे नसते. ती राजीनाम्याच्या आगेमागच्या काही आठवड्यांत, अशिलांना कोणी, कधी आणि काय सांगायचे या प्रश्नात असते, आणि नेमक्या त्याच प्रश्नावर सर्वांत घातक सल्ला सर्वांत आत्मविश्वासाने दिला जातो. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग मी त्या टप्प्यासाठी राखून ठेवला आहे. तुमच्याकडे सनद, पुरेसा अनुभव आणि घरच्यांची संमती आहे हे गृहीत धरले आहे.

आपला करार वाचावा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे बहुतेक फर्म असोसिएटला, म्हणजे भागीदार नसलेल्या वकिलाला, कर्मचारी न म्हणता रिटेनर (ठरावीक मोबदल्यावर काम करणारा स्वतंत्र वकील) म्हणतात, आणि म्हणूनच बाहेर पडताना भविष्यनिर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटीची रक्कम सहसा हातात पडत नाही. नोटिशीचा काळ, गोपनीयतेचे कलम आणि राहिलेल्या मोबदल्याची तरतूद एवढे तीन भाग शब्दशः वाचावेत. ‘फर्म सोडल्यावर दोन वर्षे त्याच क्षेत्रात वकिली करणार नाही’ अशा छापाच्या अटीला घाबरून अनेक जण वर्षानुवर्षे अडकून राहतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे असोसिएटच्या बाबतीत नोकरीनंतरची अशी अट टिकत नाही, मात्र गोपनीयतेची अट पूर्णपणे टिकते.

पार्टनर असाल तर चित्र वेगळे असते. भागीदारी कायदा, १९३२ चे कलम ३६ निवृत्त भागीदाराला तोच व्यवसाय करण्याची मुभा देते, परंतु करारात वेगळे ठरलेले नसल्यास फर्मचे नाव वापरण्यास आणि फर्मच्या जुन्या ग्राहकांकडे काम मागण्यास मनाई करते. शिवाय ठरावीक मुदतीपुरते किंवा ठरावीक क्षेत्रापुरते वाजवी बंधन करारात असेल, तर ते करार कायद्याचे कलम २७ असूनही वैध राहते. निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत त्रयस्थांच्या दृष्टीने तुमची जबाबदारी संपत नाही, हेही लक्षात ठेवावे. एलएलपीमध्ये, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, करारात काही ठरलेले नसेल तर किमान ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि भागीदार बदलल्याची नोंद त्यानंतर ३० दिवसांत निबंधकाकडे व्हावी लागते. ती खरोखर झाली आहे का, हे स्वतः तपासावे.

पैसा आणि नोंदणी

घरखर्च आणि कार्यालयखर्च मिळून बारा महिन्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. सहा महिने पुरतात असे सांगणाऱ्यांनी कंपन्यांच्या हिशेब विभागाकडून पहिले बिल वसूल केलेले नसते. फर्मचा सामूहिक आरोग्यविमा संपण्याआधी स्वतःचा घ्यावा, आणि व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या दिवसापासून असावा. एकटे असाल तर सुरुवातीला एलएलपीची गरज नाही. केवळ कायदेविषयक सेवा देणाऱ्या वकिलाच्या बिलावरील जीएसटी रिव्हर्स चार्ज पद्धतीने व्यावसायिक अशील भरतो, तसा उल्लेख बिलावर करावा. बाकीचे तुमचा सीए सांगेल.

अशील, फाइल आणि राजीनामा

‘आधी चार अशील पक्के कर, मगच राजीनामा दे.’ हा सल्ला मला मिळाला होता, आजही तो प्रत्येकाला मिळतो, आणि तो सरळ चुकीचा आहे. फर्ममध्ये असताना तुम्ही फर्मच्या वतीने काम करत असता. करार चालू असतानाच्या एकनिष्ठेच्या अटी कायद्याला मान्य आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच स्पष्ट केले आहे. कलम २७ चे संरक्षण बाहेर पडल्यानंतरच्या काळासाठी असते, आत बसून बाहेरच्या दुकानाची गिऱ्हाइके जमवण्यासाठी नसते.

मी नेमके तेच केले. राजीनाम्याच्या तीन आठवडे आधी, ज्या कंपनीचे काम मी सहा वर्षे पाहत होते तिच्या विधी विभागाच्या प्रमुखांना मी विश्वासाने माझा बेत सांगितला. त्या गृहस्थांचा हेतू अगदी स्वच्छ होता. चालू व्यवहाराचे पुढे कोण पाहणार, एवढेच विचारण्यासाठी त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या वरिष्ठ पार्टनरना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ईमेल बंद होता आणि नोटिशीचा काळ मला घरी बसून काढावा लागला. जी कंपनी माझ्याबरोबर येईल असे मी धरून चालले होते, ती आली नाही, कारण वादात सापडलेल्या वकिलाकडे काम देण्याचे स्पष्टीकरण त्या प्रमुखांना आपल्या संचालकांना देता आले नसते. पुढची दोन वर्षे जुन्या फर्मकडून माझ्याकडे एकही काम आले नाही. हितसंबंधांच्या संघर्षामुळे, म्हणजे समोरचा पक्षही आपलाच अशील असल्यामुळे, मोठ्या फर्मना जी कामे नाकारावी लागतात, ती बऱ्याचदा विश्वासातल्या माजी सहकाऱ्यांकडे जातात. नव्या कार्यालयासाठी कामाचा तो सर्वांत चांगला झरा असतो, आणि माझ्यापुरता तो मीच आटवून टाकला होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम आपल्या पार्टनरना प्रत्यक्ष भेटून लेखी राजीनामा द्यावा. त्याच भेटीत आपल्याकडील चालू कामांचा तक्ता सोबत न्यावा, ज्यात प्रत्येक कामाची स्थिती, पुढील तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस आणि ते कोणाकडे सोपवता येईल याची सूचना असेल. मी पाहिलेल्या प्रत्येक प्रकरणात या एका कागदाने भेटीचा सूर बदलला आहे, कारण पार्टनरची पहिली चिंता तुम्ही जाण्याची नसते, काम मध्येच उघडे पडण्याची असते. त्यानंतर अशिलांना फर्म आणि तुम्ही मिळून एकच पत्र पाठवावे असा प्रस्ताव ठेवावा. पत्रात तुम्ही अमुक तारखेपासून फर्ममध्ये नसाल हे सांगून, काम फर्मकडे ठेवणे, तुमच्याकडे देणे किंवा तिसऱ्या वकिलाकडे नेणे हे तिन्ही पर्याय समान भाषेत मांडलेले असावेत. हे पत्र जाईपर्यंत कोणत्याही अशिलाशी या विषयावर अवाक्षर बोलू नये.

फर्मने संयुक्त पत्राला नकार दिला, तर शेवटचा दिवस उलटेपर्यंत थांबावे. मग ज्यांची कामे तुम्ही स्वतः हाताळली तेवढ्यांनाच, नवा पत्ता आणि फर्म सोडल्याची तारीख सांगणारे तीन ओळींचे पत्र पाठवावे. ‘आपल्या सेवेची संधी मिळावी’ हे वाक्य त्यात घालू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला काम मागता येत नाही, आणि निवृत्त भागीदारासाठी तर तेच वाक्य भागीदारी कायद्याच्या कलम ३६ खालच्या दाव्याचे पहिले परिशिष्ट ठरते.

अशील फर्मचा नसतो आणि तुमचाही नसतो. वकील निवडण्याचा हक्क पूर्णपणे त्याचा आहे, आणि फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून धरता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. मात्र फाइलीचा प्रवास ठरलेला आहे. अशील फर्मला लेखी कळवतो, फर्म फाइल अशिलाला देते, आणि अशील ती तुमच्याकडे आणतो. शेवटच्या दिवशी पिशवीत घालून नेलेली फाइल, अशिलाची तोंडी संमती असली तरी, तुमच्यावरच उलटते.

मसुद्यांच्या बाबतीत मी याहून कठोर आहे. फर्मच्या सर्व्हरवरचा एकही मसुदा, एकही सल्लापत्र, एकही संपर्कयादी सोबत नेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ साली, फर्म सोडताना अशी सामग्री नेलेल्या वकिलांना ती वापरण्यास मनाई केली होती, आणि ‘हे आम्हीच लिहिले होते’ हा त्यांचा बचाव कामाला आला नाही. ‘सगळेच नेतात’ असे सांगणाऱ्याला, स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवलेल्या प्रत्येक संदेशाची नोंद फर्मच्या यंत्रणेत राहते हे माहीत नसते. पहिले तीन महिने काम कमीच असते. त्या काळात मी भागधारक करार, पुरवठा करार आणि सल्लागार करार कोऱ्या पानापासून लिहिले. मोठ्या फर्मचे नमुने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी घडवलेले असतात, तर चाकण किंवा सातपूरच्या कारखानदाराला बारा पानांत बसणारा, त्याच्या व्यवस्थापकाला वाचता येईल असा करार हवा असतो. मला तो असा नव्याने लिहूनच साधला.

न्यायालयीन कामे असतील तर वकीलपत्राकडे, म्हणजे अशिलाने वकिलाला दिलेल्या आणि न्यायालयात दाखल केलेल्या अधिकारपत्राकडे, डोळ्यांत तेल घालून पाहावे. आधीच्या वकिलाचे वकीलपत्र दाखल असताना त्याच्या संमतीशिवाय उभे राहता येत नाही. संमती मिळाली नाही तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, हे नियम ३९ सांगतो. याची उलट बाजू सहसा कोणी सांगत नाही. ज्या वकीलपत्रावर तुमचे नाव आहे, त्यातून रीतसर मुक्त होईपर्यंत न्यायालयाच्या लेखी तुम्हीच जबाबदार असता. माझ्या एका सहकाऱ्याचे नाव कफ परेडला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणातील एका प्रकरणात तसेच राहून गेले होते. पुढच्या तारखेला फर्मचे कोणी गेले नाही, तोही गेला नाही, आणि नाराजीची नोंद मात्र त्याच्या नावावर झाली. अशा सर्व प्रकरणांची यादी काढून ती शेवटच्या दिवसापूर्वी निकाली काढावी.

कागद न नेण्याच्या नियमाला एकच अपवाद आहे, आणि तोही उघडपणे मागून घ्यायचा असतो. तुम्ही ज्यांच्यासाठी काम केले त्या पक्षकारांची आणि प्रकरणांची केवळ नावे असलेली यादी फर्मकडून लेखी घ्यावी. अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी उघड न करण्याचे बंधन, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये असलेले, काम संपल्यानंतरही कायम राहते, आणि एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच वादात समोरच्या बाजूने उभे राहता येत नाही. फर्ममधील संगणक जो संघर्ष क्षणात दाखवत असे, तो आता तुम्हाला स्मरणशक्तीवर शोधावा लागणार असतो, आणि नऊ वर्षांपूर्वी कोणत्या बँकेसाठी कोणत्या कंपनीची कागदपत्रे तपासली होती हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. या मागणीला फर्म सहसा नकार देत नाही, कारण त्यात तिच्याही अशिलांचे संरक्षण असते.

पाटी, नाव आणि जागा

नियम ३६ नुसार पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण पूर्वी कोणत्या संस्थेशी संबंधित होतो किंवा कोणत्या विषयात तज्ज्ञ आहोत हे लिहिता येत नाही. त्यामुळे ‘माजी पार्टनर, अमुक फर्म’ ही ओळ छापू नये. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देता येतात. तेवढेच द्यावे. जागेसाठी ओळखीच्या ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमधले एक टेबल पहिले वर्षभर पुरते.

काम आणि फी

मध्यम आकाराच्या कंपनीचा मालक कायदेशीर अडचण आली की प्रथम आपल्या सीएला किंवा कंपनी सेक्रेटरीला विचारतो, म्हणून त्यांच्याशी ओळख वाढवावी आणि त्यांचे प्रश्न वेळेत सोडवून द्यावेत. त्यांना फीमधला वाटा मात्र देऊ नये, कारण वकील नसलेल्या व्यक्तीशी फी वाटून घेण्यास मनाई आहे. निकालावर अवलंबून असलेली फीही ठरवता येत नाही. तासाचा दर फर्मच्या निम्म्यावर आणण्याचा मोह टाळून कामागणिक ठोक रक्कम सांगावी आणि ती टप्प्यांत मागावी, ज्यातला पहिला टप्पा काम सुरू होण्यापूर्वीचा असेल.

प्रत्येक कामाआधी नियुक्तीपत्र द्यावे, ज्यात कामाची व्याप्ती, फी आणि मुदत लिहिलेली असेल. मोठ्या फर्ममधून आलेले वकील त्यात एक कलम हमखास विसरतात. तिथे तुम्ही आजारी पडलात तर शेजारच्या खोलीतला सहकारी काम उचलत असे, इथे शेजारची खोली नाही. म्हणून तुम्ही अचानक उपलब्ध नसाल तर तातडीचे काम कोण पाहील, त्या वकिलाचे नाव त्याच्या आणि अशिलाच्या लेखी संमतीने पत्रात घालावे, आणि त्याचाही हितसंबंधांचा संघर्ष नाही ना, हे पडताळून घ्यावे.