कमी चालणाऱ्या पिकअपला नवे टायर टाकताय? आधी या चुका टाळा

माझी पिकअप वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालते. कधी फर्निचर आणायचं, कधी बागेतल्या तोडलेल्या फांद्या टाकून यायच्या, बाकी दिवस ती आपली जागेवर उभी. मागच्या खेपेला टायर बदलले तेव्हा नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती आणि मी आरामात म्हणत होतो की अजून तीन वर्षं बघायला नको, आणि मग एका पावसात साध्या वळणावर मागची बाजू अशी काही सरकली की पुढचे दोन दिवस मी गाडीला हात लावला नाही. नंतर तारीख बघितली तर टायर ८ वर्षांचे.

म्हणजे पहिली चूक हीच, नक्षी बघून टायर चांगला की वाईट ते ठरवणं. रोज पळणाऱ्या गाडीला ते ठीक आहे, तिथे नक्षी १.६ मिमीपर्यंत घासली की विषय संपला. आपल्या गाडीचा टायर घासून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. रबरात एक मेणासारखा पदार्थ घातलेला असतो, टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हा तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबर वाचवतो. गाडी उभीच राहिली की हे नीट होत नाही, वरून ऊन, मग रबर कडक पडतं, साईडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) आणि नक्षीच्या खाचांमध्ये बारीक भेगा दिसायला लागतात. कडक रबर कोरड्या रस्त्यावर काही बोलत नाही, ओल्या रस्त्यावर बोलतं. बऱ्याच गाडी कंपन्या ६ वर्षांनी टायर बदला म्हणतात, नक्षी कितीही असो, आणि काही टायर कंपन्या १० वर्षं ही शेवटची हद्द धरतात. मी स्वतः पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घेतो आणि सहा-सातच्या मधे बदलून टाकतो. भेगेत आतले धागे दिसले किंवा टायरला कुठे फुगवटा आला तर वर्षं मोजत बसायचंच नाही, तो टायर गेला.

तारीख कुठे बघायची? साईडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे आकडे नसले तर टायर उलटा करून आतली बाजू बघा, पूर्ण नंबर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. आणि शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याचा पोरांना झोका करा.

हे नवीन टायर घेताना बघायचं, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. 'नवीन' म्हणजे न वापरलेला, आत्ता बनलेला नव्हे. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर वर्षाला ३० हजार किलोमीटर चालवणाऱ्याला चालून जातो कारण तो त्याच्या आधीच घासून टाकणार असतो, पण आपलं तसं नाही, आपल्या सहा वर्षांतली दोन तिथेच गेली. फिटिंगच्या आधी चारही टायरांची तारीख स्वतः वाचा, एकदा रिमवर चढला की कोणी परत घेत नाही.

याच कारणाने ८० हजार किलोमीटरच्या वॉरंटीला भुलून जास्त पैसे मोजू नका. वर्षाला पाच हजाराने ८० हजार व्हायला १६ वर्षं लागतील, तोवर टायर तर सोडा, गाडी तरी राहील का! शिवाय बहुतेक वॉरंट्यांना वर्षांचीही मर्यादा असते. त्यापेक्षा तेच पैसे ओल्या रस्त्यावर चांगली पकड आणि कमी अंतरात ब्रेक असलेल्या टायरवर घाला.

आता वजनाचं, कारण पिकअप म्हटलं की सगळे म्हणतात दणकट टायर घ्या. एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या) प्रकारातला लोड रेंज ई वाला टायर म्हणजे १० प्लायच्या (थरांच्या) ताकदीचा, ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) हवा घेणारा. रोज हौदा भरून नेणाऱ्याला किंवा जड ट्रेलर ओढणाऱ्याला तो हवाच. पण रिकामा हौदा घेऊन महिन्यातून चारदा बाहेर पडणाऱ्याला त्याचा त्रास जास्त, गाडी खड्ड्यात आपटते, मागचा भाग उड्या मारतो, वजन वाढल्यामुळे पेट्रोल-डिझेलही जास्त जातं. उलट कंपनीने एलटीच दिलेले असतील तर 'मी कुठे एवढं वजन नेतो' म्हणून कारचे टायर टाकणं ही त्याहून मोठी चूक, कारण ज्या दिवशी वाळूची पोती भरायची वेळ येईल त्या दिवशी टायरला माहीत नसतं की तुम्ही एरवी कमी वजन नेता.

साईजच्या शेवटी जो आकडा असतो तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १०९ म्हणजे १०३०. तीन आकड्यांचा फरक वाटतो किरकोळ, चार टायरांचा हिशोब केला तर ३६० किलो कमी. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरच्या साईजला आणि गाडीच्या पुस्तकातल्या लोड इंडेक्सला धरून राहा, वर गेलात तर चालेल, खाली नको.

आणि कारचे काढून एलटी टाकले तर स्टिकरवरचं हवेचं प्रेशर तसंच ठेवू नका, तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते. किती ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघायचं. साईडवॉलवर छापलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो बघून सरसकट तेवढी हवा भरू नका.

मोठे टायर घालायची हौस असते, मलाही होती. २६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ टाकला (रुंदी आणि रिम तेच, फक्त टायरची भिंत उंच) की घेर साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही १०३ च्या वर असता, आणि पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर मडगार्डला घासेल की नाही ते वेगळंच. मड टेरेनबद्दल (चिखलासाठीच्या टायरांबद्दल) एकच सांगतो: डांबरी रस्त्यावर घोंगावतात आणि पावसात ब्रेक लांबतो. चिखलात रोज जात नसाल तर कशाला.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे. लोक पुढे टाकतात कारण स्टीअरिंग तिकडे, पण रिकाम्या पिकअपचं मागचं टोक आधीच हलकं असतं, तिथे जुना कडक टायर राहिला की पहिलं तेच घसरणार. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एका साईजचे, एका मेकचे आणि जवळपास सारख्या घसाऱ्याचे ठेवा, नाहीतर त्याचा ताण गिअरवर येतो.

नवे टायर टाकल्यावरच्या तक्रारी. सकाळी थरथर आणि पंधरा-वीस मिनिटांत गायब, तर उभं राहून टायर एका जागी चपटा झालाय, काळजी नाही, पण हवा कमी असेल तर हे वाढतं. थरथर एका ठराविक वेगाला येते आणि जातच नाही, तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) परत करून घ्या. गाडी एका बाजूला ओढते तर आधी दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का बघा, मग अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत का). एकाच टायरची हवा महिन्यात चार-पाच पीएसआय उतरते (एखाद-दुसरा पीएसआय उतरणं नॉर्मल आहे) तर व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, आणि जुना रबरी व्हॉल्व्ह तसाच ठेवला असेल तर उत्तर तिथेच मिळेल, नाहीतर रिमच्या कडेचा गंज. नट ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा आवळून घ्या.

स्टेपनी राहिलीच. हौद्याखाली लटकलेली, नक्षी कोरी करकरीत, कधी जमिनीला लागलेलीही नसते. माझी खाली काढली तर गाडीइतकीच जुनी, ११ वर्षांची निघाली, आणि खाली उतरवायची साखळी गंजून जाम झाली होती, ती सोडवायलाच अर्धी सकाळ गेली.