स्थगितीचा अर्ज येण्याआधीच तयारीला लागा

अमेरिकेतल्या मतदान-हक्काच्या खटल्यांत वकिलांच्या हाताखाली कागदपत्रं आणि तारखा सांभाळायचं काम मी करते. निकाल आमच्या बाजूने लागला की अभिनंदनाचे फोन येतात. मला तेव्हा एकच काळजी असते: अपील चालू असताना हा निकाल निवडणुकीपर्यंत टिकेल का?

अलाबामाचं उदाहरण बघा. २४ जानेवारी २०२२ रोजी तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मतदारसंघांचा राज्याने आखलेला नवा नकाशा वापरायला मनाई केली. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या मनाईला स्थगिती दिली आणि त्या वर्षीची निवडणूक त्याच नकाशावर झाली. ८ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच खालचा निकाल कायम केला. पण २०२२ साली दिलेली मतं कोणी परत घेऊ शकत नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट, अपील दाखल झालं म्हणून मनाई हुकूम आपोआप थांबत नाही. संघीय दिवाणी नियम ६२ तसंच सांगतो. निकालाच्या दिवशीच समोरच्या वकिलांना पत्र पाठवा: अंमलबजावणीचं वेळापत्रक द्या. टाळाटाळ झाली तर आधी अंमलबजावणीचा अर्ज, मग अवमानाचा.

हुकुमाचा मसुदा नेमका हवा. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचं, हे त्यात लिहिलेलं असावं. प्रतिवादी कोण, हे तर दावा दाखल करतानाच तपासा. फ्लोरिडातल्या मतपत्रिकेवरच्या नावांच्या क्रमाच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं, की ते काम काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक अधिकाऱ्यांचं, राज्याच्या सेक्रेटरीचं (राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याचं) नाही. काउंटीचे अधिकारी खटल्यात नव्हते. जिंकलेला खटला तिथेच गेला.

आता स्थगिती. राज्याने हा अर्ज शक्यतो आधी खालच्याच न्यायालयात करायचा असतो. अपिलात यश मिळण्याची शक्यता, भरून न येणारं नुकसान, इतरांना होणारी हानी आणि सार्वजनिक हित असे चार निकष आहेत, आणि सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. पण निवडणूक जवळ आली की २००६ चा पर्सेल निकाल पुढे येतो: मतदानाच्या तोंडावर संघीय न्यायालयांनी नियम बदलू नयेत. माझ्या मते बहुतेक लढाई इथेच होते, आणि ती कायद्यापेक्षा कॅलेंडरवर होते.

तेव्हा कॅलेंडर उलटं मोजा. संघीय निवडणुकीत सैनिकांना आणि परदेशातल्या मतदारांना ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवाव्या लागतात. त्याआधी छपाई, त्याआधी तपासणी, त्याआधी उमेदवारी अर्ज. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतात, हे राज्याच्याच निवडणूक अधिकाऱ्याकडून शपथेवर वदवून घ्या. निकालानंतर ‘आता वेळ उरला नाही’ असं राज्य म्हणू लागलं, की तीच जबानी पुढे ठेवता येते. निवृत्त अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रंही निकालाआधीच तयार हवीत. आणि दावा लवकर दाखल करा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी अलाबामाच्या २०२२ च्या त्या स्थगितीच्या वेळी लिहिलं होतं, की वादींनी विनाकारण उशीर केला का आणि मोठा खर्च, गोंधळ न होता बदल करता येईल का, हेही पाहिलं पाहिजे.

स्थगिती मिळालीच, तर निदान तोवर दिलेली मतं वाचवा. ५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने साउथ कॅरोलायनात टपाली मतपत्रिकेवर साक्षीदाराच्या सहीची अट पुन्हा लागू केली. पण स्थगितीआधी दिलेली आणि आदेशानंतर दोन दिवसांत पोचलेली मतं सही नाही म्हणून बाद करता येणार नाहीत, असंही सांगितलं. अशी सवलत पर्यायी मागणी म्हणून स्थगितीच्या अर्जाला द्यायच्या पहिल्याच उत्तरात घाला. स्थगिती अपील न्यायालयाने दिली असेल तर ती उठवायला सर्वोच्च न्यायालयात जाता येतं; विस्कॉन्सिनच्या मतदानासाठी ओळखपत्र सक्तीच्या खटल्यात ९ ऑक्टोबर २०१४ रोजी ती तशी उठली होती.

या सगळ्यात मतदार विसरला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. निकालाचं काय होतंय हे ठरेपर्यंत त्याला दोन्ही नियमांत बसेल असंच सांगा: साक्षीदाराची सही घ्याच, ओळखपत्र जवळ ठेवाच. आणि आदेश बदलला की त्याच दिवशी फोनवरच्या स्वयंसेवकांचा मजकूर बदला.