दमलेल्या संध्याकाळी दहा जणांचं जेवण

परदेशात नवीन आल्यावर माणसं जोडली जातात ती बहुतेक जेवणाच्या निमित्तानंच. घर हलवायला मदत करणारे, एकत्र अभ्यासाला बसलेले, शेजारच्या खोलीतले, किंवा एकाच घरात राहणारे सात-आठ जण, ज्यांच्यात आज स्वयंपाकाची पाळी तुमची असते. आणि नेमके त्याच दिवशी तुम्ही काम उरकून घरी पोचता तेव्हा अंगात त्राण नसतं. अशा वेळी लोकांना बोलावणं रद्द करू नका, बेत लहान करा, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. सगळं साग्रसंगीत जमेल तेव्हा बोलावू, असं म्हणता म्हणता बोलावणं राहूनच जातं, आणि पहिल्या वर्षी तर घरात चार माणसांचा आवाज हवाच असतो.

दमलेल्या माणसाचा जीव तीन गोष्टींत जातो: काय करायचं ते ठरवणं, चिरणं आणि नंतरची भांडी. म्हणून बेत आधीच ठरलेला असू द्या. एक मोठं पातेलं, ओव्हनमध्ये दोन-तीन ट्रे आणि टेबलावर मांडून ठेवायच्या दोन-तीन कच्च्या गोष्टी. रोज नवं काही सुचावं लागत नाही. तुमच्याकडे आलं की हेच मिळतं, अशी ख्याती झाली तर होऊ द्या, लोक आवडीनं येतात.

पातेल्यात मसूर डाळ. तूरडाळीला कुकर लागतो, हरभऱ्याला भिजवणं लागतं. सोललेली केशरी मसूर मात्र साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. दहा जणांना ६०० ग्रॅम पुरते. पाणी पातेल्यात गार ठेवून उकळायची वाट पाहू नका. विजेच्या शेगडीवर दोन लिटर पाणी तापायला फार वेळ घेतं, किटलीत दोन-तीन खेपांत उकळून ओता. पातेलं सहा लिटरचं तरी असावं, कारण पहिल्या पाच मिनिटांत पांढरा फेस भसाभस वर येतो आणि झाकण ठेवलं असेल तर शेगडीभर सांडतो. फेस पळीनं काढा, आच कमी करा, हळद घाला आणि मग कपडे बदलून या. परत याल तेव्हा केशरी रंग जाऊन डाळ पिवळी झालेली असेल, दाण्यांच्या कडा विरघळलेल्या असतील. एक दाणा पळीच्या पाठीनं दाबून बघा. मऊ झाला की टोमॅटोचे ४०० ग्रॅमचे दोन डबे आणि मीठ घाला. टोमॅटो आधी घालायचा नाही, आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. शेवटी तेलात जिरं आणि लसूण तडतडवून वर ओतलं की झालं. नारळाच्या दुधाचा एक डबा घातला तर तिखट न खाणाऱ्यांनाही ही डाळ चालते. तिखट वेगळं वाटीत ठेवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चार जणांचं प्रमाण दहा जणांना करताना डाळ-तांदूळ अडीचपट होतात, तिखट आणि गरम मसाला अडीचपट करू नये. दुपटीवर थांबा, चव घ्या, मग वाढवा. मिठाचंही तेच.

भात शेगडीवर करू नका. दहा जणांचा भात घरगुती पातेल्यात केला की खालचा लागतो आणि वरचा कच्चा राहतो. त्याऐवजी ८०० ग्रॅम तांदूळ धुऊन दोन खोलगट ट्रेमध्ये पसरा, वाटीला दीड वाटी या हिशेबानं उकळतं पाणी आणि मीठ घाला, वरून फॉइल घट्ट लावा आणि १९० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं फॉइल उघडायची नाही. ढवळावं लागत नाही, लक्ष ठेवावं लागत नाही, आणि शेगडी डाळीला मोकळी राहते.

त्याच ओव्हनमध्ये खालच्या खणात भाज्यांचा ट्रे. बटाटा, गाजर, फ्लॉवर, डब्यातले निथळलेले काबुली चणे, जे असेल ते. सालं काढू नका, धुऊन मोठे तुकडे करा. तेल-मीठ चोळून एका थरात पसरा. एकावर एक रचलं की भाज्या भाजल्या जात नाहीत, वाफेवर शिजून लिबलिबीत होतात. भात निघाला की तापमान २२० वर न्या आणि कडा तपकिरी होईपर्यंत ठेवा. तेवढ्यात पाहुणे येतात, आणि त्या वासानं घर भरतं. फ्रोझन भाज्या वापरायच्या तर आधी वितळवू नका, थेट तापलेल्या ट्रेवर टाका. फ्रोझन चिरलेला कांदा मिळत असेल तर तो नेहमी घरात असू द्या. दमलेल्या दिवशी त्याच्याइतकी मदत कुणाची होत नाही.

टेबलावर दही, काकडी, लिंबाच्या फोडी, ब्रेड. ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. ज्याला दूध चालत नाही, कांदा-लसूण चालत नाही, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तो आपापलं बघून घेतो. फक्त फोडणी देण्याआधी लसणाशिवायची डाळ बाजूला काढून ठेवा आणि दाण्याचा कूट कशातच मिसळू नका, वेगळ्या वाटीत आणि वेगळ्या चमच्यासकट ठेवा. बोलावतानाच अ‍ॅलर्जी विचारून घ्यायची, त्यात संकोच नको.

पास्ता सगळ्यांना सोपा वाटतो, आणि चार जणांना तो सोपा आहेच. दहा जणांना एक किलो लागतो, किलोला आठ-दहा लिटर खळखळतं पाणी, आणि एवढं पातेलं नव्या घरात कुणाकडेच नसतं. कमी पाण्यात तो एकमेकांना चिकटून गोळा होतो. मोठ्या पंगतीला मी तो सुचवत नाही.

राजम्याबद्दल मात्र नीट ऐका, कारण नवीन आलेले बरेच जण स्लो कुकर घेतात आणि सकाळी त्यात राजमा टाकून कामाला जायचं ठरवतात. हे करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरची मंद आच ते नष्ट करू शकत नाही. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक ठरू शकतो. काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, तेही टेबलावरच्या सगळ्यांना. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. शिट्टीचा प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही. दमलेल्या दिवशी डब्यातला घ्या, तो शिजवलेलाच असतो. ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळून साधारण २४० ग्रॅम राजमा निघतो, म्हणजे दोघांना एक डबा.

शाकाहारी वाटणाऱ्या वस्तूंचे डबे उलटून वाचायची सवयही पहिल्याच महिन्यात लावून घ्या. पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनतं. काही दह्यांत आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँचोवी मासे असतात, तयार थाई करी पेस्टमध्ये पुष्कळदा कोळंबी किंवा फिश सॉस. पाहुणा पक्का शाकाहारी असेल तर त्याला हे आधी कळायला हवं, जेवण झाल्यावर नव्हे.

उरलेल्या भाताकडे झोपायच्या आधी बघायचंच, कितीही डोळे मिटत असले तरी. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही जिवंत राहतात. भात तासन् तास बाहेर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. जेवण झालं की तासाभरात भात उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत तापवून संपवा. डाळीचं एवढं नाही, ती निवाली की एकेका माणसाच्या मापानं डब्यांत भरून फ्रीझ करा, दोन-तीन महिने चांगली राहते. निघणाऱ्यांपैकी जो सगळ्यात नवीन आला असेल, त्याच्या हातात एक डबा द्या आणि डबा परत आणायच्या निमित्तानं पुन्हा यायला सांगा.