जपानी लिहिताना टिंब, स्वल्पविराम आणि बाकीच्या खुणा कशा वापरायच्या

आपल्याकडे जपानी शिकणारे हिरागाना, काताकाना या दोन अक्षरमाला (दोन्ही मिळून काना), मग कांजी म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं असं पुढे जात राहतात आणि विरामचिन्हांपाशी कुणी थांबतच नाही, कारण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेमध्ये हाताने काही लिहायचंच नसतं, पर्याय वाचायचे आणि गोळे काळे करायचे. मीही पुण्यात तिची एन४ ही पातळी पास होईपर्यंत तसाच होतो. मग क्लासमध्ये पहिल्यांदा साकुबुन म्हणजे निबंध लिहिला, व्याकरणाच्या चुका मोजून तीन निघाल्या आणि खुणांच्या वीसच्या वर, कारण मी सगळीकडे इंग्रजी फुलस्टॉप आणि कॉमा टाकले होते, अवतरणचिन्हंही आपलीच दुहेरी. सेन्सेईंनी म्हणजे शिक्षकांनी एकेका ठिकाणी लाल रेघ मारून शेजारी बरोबर खूण काढून दिली होती, तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यामुळे हे सगळं एका जागी नीट लिहून ठेवतोय, ज्यांना जपानी ईमेल किंवा निबंध लिहायचाय त्यांनी क्रमाने करत जा.

पायरी १: आधी चौकोन डोक्यात बसवा

ही पायरी सोडू नका, पुढचे बहुतेक नियम इथूनच निघतात. जपानी निबंधाचा कागद असतो त्याला गेन्कोयोशी म्हणतात, त्यावर २० गुणिले २० असे ४०० चौकोन असतात आणि एका चौकोनात एक अक्षर. टिंबालाही अक्षराइतकाच अख्खा चौकोन मिळतो, स्वल्पविरामालाही, कंसालाही. आपल्याकडे पूर्णविराम शब्दाला चिकटून बसतो आणि त्याच्यानंतर आपण जागा सोडतो, तिकडे टिंबाच्या चौकोनातच ती मोकळी जागा आलेली असते म्हणून टिंबानंतर वेगळी स्पेस द्यायची नाही. दोन शब्दांमध्येही स्पेस नसते, कांजी आणि काना यांच्या अदलाबदलीवरून वाचणाऱ्याला शब्द कुठे तुटतो ते कळतं.

आडवं लिहिताना टिंब चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येतं, उभं लिहिताना वरच्या उजव्या कोपऱ्यात. उभ्या लिखाणात कंसही फिरतात. हे कॉम्प्युटर आपोआप करतो, हाताने लिहिताना मात्र लक्षात ठेवावं लागतं.

पायरी २: कीबोर्ड लावून घ्या

विंडोजमध्ये सेटिंग्जमधून भाषा म्हणून जपानी ॲड करा, मग आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर ऑल्ट आणि एस्केपच्या खालची की एकत्र दाबली की हिरागाना चालू किंवा बंद होतं. चालू असताना कॉमाच्या कीवर 、 येतो, फुलस्टॉपच्या कीवर 。, चौकोनी कंसाच्या दोन कींवर 「 आणि 」, स्लॅशवर ・ आणि वजाच्या कीवर ー. एवढ्या सहा कींमध्ये रोजचं जवळजवळ सगळं भागतं. फोनवर बारा बटणांचा जपानी कीबोर्ड असेल तर 'या'च्या बटणावरून बोट डावीकडे सरकवलं की 「 आणि उजवीकडे सरकवलं की 」, आणि 'वा'च्या बटणावरून उजवीकडे सरकवलं की ー.

बाकीच्या खुणा नावाने बोलवायच्या असतात, म्हणजे रोमाजीत (इंग्रजी अक्षरांत) नाव टाईप करायचं आणि स्पेसबार दाबून यादीतून निवडायचं. 'कोमे' टाईप केलं की ※, 'यूबिन' (yuubin) केलं की 〒, 'याजिरुशी' केलं की बाण, 'होशी' केलं की ★, 'काक्को' केलं की सगळ्या जातीचे कंस. ही सोय मला फार आवडते, खुणेचं नाव पाठ झालं की खूण हाताशी.

एक गोष्ट पक्की करा, झेनकाकु आणि हानकाकु. झेनकाकु म्हणजे पूर्ण चौकोन व्यापणारं अक्षर, हानकाकु म्हणजे अर्धा. जपानी वेबसाइटवर फॉर्म भरताना फोन नंबर हानकाकुत मागतात आणि नाव झेनकाकु काताकानात, आणि चुकीच्या रुंदीचं टाकलं तर कित्येकदा फॉर्म पुढेच सरकत नाही. टाईप केल्यावर एंटर मारायच्या आधी एफ७ दाबलं तर पूर्ण रुंदीचा काताकाना होतो आणि एफ१० दाबलं तर अर्ध्या रुंदीची इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

पायरी ३: 。 आणि 、

टिंबाचं नाव कुतेन, बोलताना नुसतं 'मारु' म्हणजे गोल. स्वल्पविराम म्हणजे तोतेन, बोलताना 'तेन'. दोघं मिळून कुतोतेन. कुतेन भरीव ठिपका नाही, पोकळ गोल आहे, हाताने काढताना छोटंसं वर्तुळ काढा.

कुतेन कुठे द्यायचा यात प्रश्न नाही, वाक्य संपलं की द्यायचा. तोतेन मात्र बराचसा लिहिणाऱ्याच्या कानावर असतो, तरी सुरुवातीला इतकं पाळा: 'शिकाशी', 'सोशिते' अशा जोडशब्दानंतर द्या, लांबलचक विषय सांगून 'वा' हा विषय दाखवणारा प्रत्यय आला की त्याच्यानंतर द्या, 'कारा', 'गा', 'नोदे' (म्हणून, पण, म्हणून) यांनी अर्धं वाक्य संपलं की द्या, आणि जिथे दिला नाही तर अर्थ बदलतो तिथे न विसरता द्या. याचं तिकडे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे, सगळं हिरागानात लिहिलेलं 'कोकोदेहाकिमोनोओनुइदेकुदासाइ'. 'कोकोदे' नंतर तेन दिला तर 'इथे पादत्राणं काढा', आणि 'देहा' नंतर दिला तर तोच 'हा' विषय दाखवणारा 'वा' होतो आणि वाक्य बनतं 'इथे किमोनो काढा', म्हणजे अंगावरचे कपडेच काढा!

इतिहास थोडा सांगतो कारण त्याने गोंधळ कमी होतो. जुन्या जपानीत या खुणा अशा ठरलेल्या नव्हत्याच, आपल्या मोडीतही आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग शब्द न तोडता सलग लिहीत जायचं, विरामचिन्हं आपल्याकडे १९व्या शतकात इंग्रजीच्या सहवासाने रुळली. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९०६ साली आणि परत १९४६ साली खुणा कशा वापराव्यात याचे मसुदे काढले. सरकारी कागदपत्रांसाठी १९५२ चा एक नियम होता की आडव्या लिखाणात टिंब जपानी आणि स्वल्पविराम मात्र इंग्रजीसारखा वापरा, त्यामुळे जुन्या सरकारी कागदात आणि काही पाठ्यपुस्तकांत अजून तसा कॉमा दिसतो, आणि आपल्याला वाटतं की आपण शिकलो ते चुकीचं की काय. २०२२ मध्ये नवीन मार्गदर्शन आलं, त्यात मुळात 、 वापरा असं सांगितलंय. तुम्ही 、 च वापरा आणि एका मजकुरात दोन प्रकार मिसळू नका.

कागदावर ओळीच्या सुरुवातीला 。 किंवा 、 किंवा बंद होणारा कंस कधीच येऊ द्यायचा नाही. ओळ भरली आणि टिंब उरलं तर ते शेवटच्या अक्षराच्याच चौकोनात बसवायचं. याला किन्सोकु शोरी म्हणतात, म्हणजे मनाई असलेल्या जागा सांभाळणं. आणि उघडणारा कंस ओळीच्या शेवटच्या चौकोनात एकटा ठेवायचा नाही. परिच्छेद सुरू करताना पहिला चौकोन रिकामा.

पायरी ४: कंस

कुणाचं बोलणं लिहायचं तर 「」, नाव कागिकाक्को. बोलण्याच्या आत आणखी कुणाचं बोलणं आलं तर आत 『』. आणि पुस्तकाचं नाव लिहायचं असेल तर थेट 『』. एखाद्या शब्दावर जोर द्यायलाही 「」 चालतात, जपानीत तिरकी अक्षरं शोभत नाहीत.

इथे शाळा आणि छापील पुस्तक यांच्यात फरक आहे. शाळेत बोलणं संपताना टिंब आणि कंस दोन्ही देतात, 。」 असं, आणि गेन्कोयोशीवर दोन्ही मिळून एकाच चौकोनात. कादंबऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत मात्र बंद कंसाच्या आधी टिंब देत नाहीत. क्लासच्या निबंधात शाळेची पद्धत वापरा, सेन्सेईंनी दुसरं सांगितलं तर त्यांचं ऐका.

ईमेलच्या विषयात 【】 दिसतात, आत 'महत्त्वाचं' किंवा 'विनंती' अशा अर्थाचा शब्द असतो, इनबॉक्समध्ये नजर तिकडे जावी म्हणून. हे विषयापुरतंच ठेवा, मजकुरात सारखे टाकले की ओरडल्यासारखं वाटतं.

पायरी ५: ー, ・, 〜, ……

ー ही खूण काताकानात स्वर लांबवते. 'बिरु' म्हणजे बिल्डिंग आणि मध्ये ー घातला की 'बीरु' म्हणजे बिअर, त्यामुळे ही खूण गाळायची चीज नाही. आपलं पुणंसुद्धा काताकानात शेवटी ー घेऊनच लिहितात. उभ्या लिखाणात ही रेघ उभी होते, ती आडवीच ठेवणं ही फार दिसणारी चूक आहे. टाईप करताना हिच्या जागी कांजीतला 'एक' किंवा साधा हायफन टाकू नका, दिसायला सारखे पण सर्च करताना शब्द सापडणार नाही. कॉम्प्युटर या शब्दाच्या शेवटी तांत्रिक कागदांत ही खूण गाळायची पद्धत होती, मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये लावायचं ठरवलं, म्हणून दोन्ही रूपं दिसतात, घाबरायचं नाही, तुमच्या कंपनीत जे चालतं ते लावा.

・ म्हणजे नाकागुरो. आपली नावं काताकानात लिहिताना नाव आणि आडनाव यांच्यामध्ये हा येतो. यादीतल्या सारख्या गोष्टी जोडायलाही चालतो. कांजीतल्या जपानी नावात तो घालू नका.

〜 म्हणजे 'पासून', वाचताना 'कारा' वाचतात, दहा ते पाच लिहायचं तर १०〜५. मैत्रीच्या मेसेजमध्ये आवाज लांबवायलाही वापरतात. आणि तीन टिंबं छापील पद्धतीत दोनदा देतात, ……, म्हणजे सहा टिंबं आणि दोन चौकोन.

पायरी ६: ? आणि !

वाक्याच्या शेवटी 'का' असला की प्रश्न तिथेच झाला, म्हणून औपचारिक लिखाणात 'का' आणि मग 。 एवढंच. बोलीभाषेत 'का' नसतो, नुसतं 'इकु' म्हटलं तर 'जातो' की 'जातोस?' ते खुणेशिवाय कळत नाही, तिथे ? लागतंच. छापताना या दोन्ही खुणांनंतर पुढे वाक्य चालू असेल तर एक पूर्ण चौकोन रिकामा सोडतात. ऑफिसच्या ईमेलमध्ये ! टाळा.

मेसेजमध्ये उलटी गंमत आहे. २०२४ च्या सुरुवातीला जपानमध्ये 'मारुहारा' या शब्दाची खूप चर्चा झाली, म्हणजे वयाने मोठी माणसं मेसेजच्या शेवटी 。 देतात आणि तरुणांना ते रागावल्यासारखं वाटतं. मित्राला छोटा मेसेज असेल तर टिंब नसलं तरी चालतं, साहेबांना ईमेल असेल तर द्यायचंच.

पायरी ७: ज्या खुणा वाचता आल्याच पाहिजेत

々 ही खूण आधीची कांजी परत येते असं सांगते. हिला स्वतःचा उच्चार नाही. 'हितोबितो' म्हणजे लोक, 'तोकिदोकी' म्हणजे कधीकधी, 'सासाकी' हे आडनाव, सगळ्यांत आहे. काताकानातला 'नो' आणि 'मा' जोडल्यासारखी दिसते म्हणून 'नोमा' म्हणतात, टाईप करायला 'ओनाजी'. पण दोन शब्दांच्या सांध्यावर कांजी सारखी आली तर वापरायची नाही, 'मिन्शु' आणि 'शुगी' जोडून लोकशाही होते तिथे तीच कांजी दोनदा पूर्ण लिहितात.

※ ही टीप दाखवते, भाताच्या कांजीसारखी दिसते म्हणून नाव कोमेजिरुशी. फॉर्ममध्ये ※ दिसला की थांबून वाचा, अटी तिथेच असतात. 〒 म्हणजे टपाल, ही १८८७ पासूनची खूण, पत्त्यात हिच्यापुढे पिनकोड येतो, १९९८ पासून तो सात आकडी आहे. 〆 पाकिटाच्या झाकणावर लिहितात, म्हणजे बंद केलं, आणि अंतिम तारखेच्या शब्दातही येते. 〇〇 दिसलं की 'मारुमारु' वाचा, आपल्या 'अमुक'सारखं, तिथे स्वतःचं नाव किंवा शब्द घालायचा.

पेपर तपासून आला की बरोबर उत्तराला ○ असतो आणि चुकलेल्याला × किंवा चक्क आपली बरोबरची ✓ खूण! अर्धवट बरोबर असेल तर △. जपानी शिक्षकाकडून ✓ आली तर आनंदी होण्याआधी उत्तर परत बघा.

पायरी ८: जिथे काहीच द्यायचं नाही

प्रशस्तिपत्र, लग्नाचं निमंत्रण, नवीन वर्षाचं नेंगाजो, यांत 。 आणि 、 दोन्ही देत नाहीत. विराम म्हणजे तोडणं, आणि शुभकार्यात तोडणं नको, शिवाय ब्रशने लिहायच्या काळात या खुणा नव्हत्याच. तोतेनच्या जागी थोडी मोकळी जागा सोडा किंवा नवी ओळ घ्या. जपानी सहकाऱ्याला जानेवारीत कार्ड पाठवणार असाल तर लिहून झाल्यावर एकदा वरपासून खालपर्यंत बघा आणि सवयीने पडलेलं प्रत्येक टिंब काढून टाका.